लिबरऑफिसचे बिटमॅप आयकॉन व्हेक्टरमध्ये आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिबरऑफिस या मुक्त ऑफिस पॅकेजसाठी चित्रांचं काम करावं असं वाटणारी बरीच मराठी मंडळी आहेत. त्यांचे तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं मुख्यतः लिबरऑफिसची आहेत. गिंप (चित्रसंपादनाचा प्रोग्रॅम) आणि कायकॅड (सर्किट आखण्याचा प्रोग्रॅम) यांची वाट जिथे वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी अडत नाही. इंकस्केप हा व्हेक्टर चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडून चौकोन काढता येत असेल, तर सुरुवातीला तेवढं पुरतं.

बिटमॅप आयकॉन आणि व्हेक्टर आयकॉन यांत नेमका फरक काय?

बिटमॅप म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. २४ बाय २४ च्या पीएनजी फाइलमध्ये ५७६ ठिपके असतात, प्रत्येकाचा रंग ठरलेला असतो आणि त्यापलीकडे त्या फाइलला काहीही ठाऊक नसतं. ‘सेव्ह’च्या बटणावरच्या फ्लॉपीची कडा कुठे संपते, तिच्यावरचं लेबल कुठे सुरू होतं, हे आपल्या डोळ्याला कळतं, फाइलला नाही. व्हेक्टर फाइलमध्ये ठिपके नसतात, कृती असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढा, इथे एवढ्या त्रिज्येचा कोपरा घ्या, आत हा रंग भरा. पडद्यावर दाखवायच्या वेळी त्या कृतीवरून हव्या त्या मापाचे ठिपके तयार होतात. ही कृती लिहिण्याची सर्वमान्य भाषा म्हणजे एसव्हीजी. तिची पहिली अधिकृत आवृत्ती २००१ साली आली आणि आजही आयकॉनांसाठी जिच्यावर भिस्त ठेवावी ती १.१ आवृत्ती २००३ ची आहे.

जुने आयकॉन चालत होते की. मग एवढा खटाटोप कशासाठी?

जुना १७ इंची, १२८० बाय १०२४ चा मॉनिटर आठवा. त्यावर एका इंचात साधारण ९६ ठिपके बसत, आणि २४ ठिपक्यांचा आयकॉन पाव इंचाचा दिसे. आजच्या १४ इंची, १९२० बाय १०८० च्या लॅपटॉपवर एका इंचात साधारण १५७ ठिपके असतात. तोच आयकॉन तिथे तांदळाच्या दाण्याएवढा होतो, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम सगळं १२५ किंवा १५० टक्क्यांनी मोठं करते. अक्षरं व्हेक्टर असल्यामुळे स्वच्छ मोठी होतात. आयकॉन मात्र २४ ठिपक्यांचे ओढून ३६ केले जातात. २४ ठिपक्यांतली माहिती ३६ मध्ये पसरायची म्हणजे मधले ठिपके अंदाजाने भरायचे, आणि तो अंदाज डोळ्यांना धुकं म्हणून दिसतो.

मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते कारण वेगळं आहे. ज्यांना कमी दिसतं ती माणसं पडदा २०० टक्क्यांवर ठेवतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा, दिवसभर पावत्या टाइप करणारी चाळिशी ओलांडलेली कारकून बाई. आयकॉन मोठा करण्याची गरज त्यांना सगळ्यांत जास्त, आणि मोठा केल्यावर सगळ्यांत धूसर आयकॉन त्यांच्याच वाट्याला येतो. हे दुरुस्त करता येण्यासारखं आहे, म्हणून दुरुस्त करायला हवं.

आणखी एक व्यावहारिक कारण आहे. प्रत्येक आयकॉनची तीन मापं, आणि उजळ व गडद असे दोन रंगसंच धरले तर एका चित्राच्या सहा पीएनजी फाइली होतात. मूळ व्हेक्टर नसेल तर एखादा रंग बदलायचा ठरला की सहाही फाइली हाताने रंगवाव्या लागतात.

लिबरऑफिसमध्ये आयकॉन असतात कुठे?

सोर्स कोडमध्ये ‘आयकॉन-थीम्स’ नावाचं फोल्डर आहे. त्याच्या आत प्रत्येक थीमचं, म्हणजे एका शैलीतल्या आयकॉनांच्या संचाचं, स्वतंत्र फोल्डर: कोलिब्रे, ब्रीझ, एलिमेंटरी, सिफ्र, सुकापुरा वगैरे. यांपैकी कोलिब्रे ही ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीपासून विंडोजवर आपोआप मिळणारी थीम आहे, त्यामुळे मराठी घरांत आणि कचेऱ्यांत बहुधा तीच दिसते. थीमच्या आत ‘सीएमडी’ फोल्डरमध्ये बटणांची चित्रं असतात. ‘एससी’ने सुरू होणारी नावं १६ ठिपक्यांच्या लहान आयकॉनची, ‘एलसी’ने सुरू होणारी २४ च्या मोठ्यांची, आणि ३२ ची चित्रं ‘३२’ नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये. एसव्हीजी चित्रं त्याच थीमच्या ‘एसव्हीजी’ शेपटी लावलेल्या शेजारच्या फोल्डरमध्ये, त्याच नावांनी राहतात. बिल्ड करताना, म्हणजे कोडवरून प्रोग्रॅम तयार करताना, प्रत्येक थीमची एक झिप फाइल बनते.

थीमच्या फोल्डरमधली ‘लिंक्स’ नावाची मजकुराची फाइल पहिल्या दिवशीच वाचून काढा. अनेक कमांडांना एकच चित्र चालतं. ते पुन्हा पुन्हा ठेवण्याऐवजी ‘या नावाला ते चित्र दाखवा’ अशा ओळी तिथे असतात. ही यादी न वाचता कामाला लागलेला माणूस एकच चित्र तीनदा काढून बसतो.

सगळ्यात आधी काय करू?

मूळ व्हेक्टर कुठे पडलं आहे का ते शोधा. पुष्कळदा चित्रकाराने आयकॉन व्हेक्टरमध्येच काढलेला असतो आणि प्रकल्पात फक्त त्याची पीएनजी आलेली असते. टँगो आणि ऑक्सिजन या जुन्या आयकॉन संचांची एसव्हीजी मूळ प्रकल्पांत होती. प्रकल्पाचा गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास चाळा, बगझिला या तक्रारवहीतले जुने धागे वाचा, जोडलेल्या फाइली उतरवून पाहा. अर्धा दिवस शोधण्यात गेला तरी पुढचे पंधरा दिवस वाचू शकतात.

इंकस्केपमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ आहे. एका क्लिकमध्ये होत नाही का?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर.

इंकस्केपच्या ट्रेसिंगमागे, म्हणजे बिटमॅपवरून आपोआप रेघा काढण्यामागे, पोट्रेस हा पीटर सेलिंजर यांचा प्रोग्रॅम आहे. तो आपल्या कामात पटाईत आहे, पण त्याचं काम वेगळं आहे. त्याला लागतं मोठं, दोनच रंगांचं चित्र: काळा किंवा पांढरा. स्कॅन केलेली सही, शाईचं रेखाटन, जुनं बोधचिन्ह त्याला द्या, सुंदर वळणं काढून देतो. १६ बाय १६ च्या आयकॉनमध्ये सगळे मिळून २५६ ठिपके. त्यांतले कडेचे ठिपके अर्धवट रंगाचे असतात, कारण चित्रकाराने तिरपी कडा मऊ दिसावी म्हणून ते तसे ठेवलेले असतात. ट्रेसरला ती कडा कळत नाही, त्याला तो एक वेगळा राखाडी आकार वाटतो. मग फ्लॉपीच्या एका चौकोनाच्या जागी एकावर एक रचलेले सात-आठ वेडेवाकडे थर मिळतात, आणि चार बिंदूंत मावणाऱ्या आकाराला शेकडो बिंदू लागतात.

इंकस्केपमध्ये २०१५ च्या ०.९१ आवृत्तीपासून पिक्सेल आर्टसाठी, म्हणजे ठिपका-ठिपका मांडून काढलेल्या चित्रांसाठी, वेगळा ट्रेसर आहे. जुन्या व्हिडिओ गेममधल्या पात्रांवर तो चांगला चालतो. आयकॉनवर चालवला तर काटकोन गोल होतात, कागदाचा दुमडलेला कोपरा वितळल्यासारखा दिसतो.

आणि समजा ट्रेस अगदी हुबेहूब आला, तरी फायदा काय? धूसर चित्राचं हुबेहूब व्हेक्टर म्हणजे कायमचं धूसर झालेलं चित्र. म्हणून मी याला रूपांतर म्हणत नाही, पुनर्लेखन म्हणते. जुन्या पोथीची नक्कल करताना कीड लागलेली भोकं कोणी उतरवून घेत नाही. अक्षर वाचायचं आणि नव्याने लिहायचं. इथेही तसंच: हा आयकॉन काय सांगतो आहे ते समजून घ्यायचं आणि ते स्वच्छ आकारांत पुन्हा मांडायचं.

मग काढायचं कसं?

इंकस्केपमध्ये नवी फाइल घ्या, पानाचं माप २४ बाय २४ पिक्सेल (म्हणजे ठिपके) करा आणि १ पिक्सेलची ग्रिड चालू करा. जुनी पीएनजी आणून एका वेगळ्या थरावर ठेवा, पारदर्शकता निम्मी करा, थराला कुलूप लावा. वरच्या थरावर काढायला लागा. आयत, वर्तुळ, सरळ रेघा यांतच जवळजवळ सगळं काम होतं. पेनचं टूल क्वचित लागतं. ग्रिडला चिकटण्याची सोय चालूच ठेवा.

‘आयकॉन प्रिव्ह्यू’ची खिडकी पहिल्या मिनिटापासून उघडी हवी. ८०० टक्के मोठ्या पडद्यावर आपण देखणे बारकावे घालत बसतो आणि खऱ्या मापात त्यांचा एक करडा डाग होतो. ती खिडकी दर क्षणी जमिनीवर आणते.

काम झालं की खालचा पीएनजी थर काढून टाका. विसरलात तर ती पीएनजी फाइलच्या पोटात तशीच जाते आणि व्हेक्टर म्हणून बिटमॅपच पाठवला जातो. हे खरोखर घडतं.

सेव्ह करताना ‘प्लेन एसव्हीजी’ निवडा. ‘इंकस्केप एसव्हीजी’मध्ये खिडकी कुठे होती, ग्रिड कोणती होती असा संपादनाचा सगळा तपशील राहतो. तो तुमच्या स्वतःच्या प्रतीत असू द्या, प्रकल्पात नको.

मी सरळ उभी रेघ काढली, तरी ती दोन ठिपके रुंद आणि फिकट का दिसते?

कारण रेघेचा मध्य तुम्ही ग्रिडच्या रेषेवर ठेवला आहे. ठिपका ग्रिडच्या दोन रेषांच्या मध्ये असतो. १ पिक्सेल जाडीची रेघ बरोबर ४ वर ठेवली तर ती ३.५ पासून ४.५ पर्यंत पसरते, म्हणजे डावीकडचा अर्धा ठिपका आणि उजवीकडचा अर्धा ठिपका. अर्धा ठिपका काळा करता येत नाही, म्हणून दोन्ही ठिपके अर्धे करडे होतात. तीच रेघ ३.५ वर ठेवा, ती ३ ते ४ अशी नेमकी एका ठिपक्यात बसेल.

लक्षात ठेवायची सोपी खूण: विषम जाडीची रेघ अर्ध्यावर, सम जाडीची पूर्णांकावर. मी स्वतः रेघेऐवजी १ पिक्सेल रुंदीचा भरलेला आयतच वापरते. त्याच्या कडा पूर्णांकावर ठेवल्या की झालं.

हे १०० आणि २०० टक्क्यांवर अगदी नेमकं चालतं. १५० टक्क्यांवर १ पिक्सेलची रेघ दीड ठिपक्याची होते आणि एका बाजूला थोडी मऊ कडा येतेच. १२५ टक्क्यांवर सव्वा. त्याला इलाज नाही. तरी ओढून मोठ्या केलेल्या पीएनजीपेक्षा ती कितीतरी स्वच्छ असते, कारण बाकीचा आकार खऱ्या मापाने पुन्हा काढलेला असतो.

व्हेक्टर कितीही मोठं होतं म्हणतात. मग १६, २४, ३२ साठी वेगळी चित्रं का?

मोठं होतं, पण लहान होताना समजूतदारपणा दाखवत नाही. २४ मध्ये कागदावर मजकुराच्या पाच ओळी काढल्या असतील, प्रत्येक १ ठिपक्याची आणि मध्ये १ ठिपक्याची फट, तर त्यांना ९ ठिपके उंची लागते. तेच चित्र १६ वर आणलं की त्या ९ ठिपक्यांना ६ ठिपके उरतात, आणि पाच ओळींचा एक करडा पट्टा होतो. १६ च्या चित्रात ओळी तीनच काढायला हव्यात: तीन ओळी, दोन फटी, पाच ठिपके. कोणती गोष्ट गाळायची हे माणसाने ठरवायचं असतं.

३२ मात्र १६ च्या बरोबर दुप्पट आहे. त्यामुळे १६ च्या चित्रापासून ३२ चं काढायला घेतलं तर ग्रिड जुळते आणि मोकळ्या जागेत थोडे बारकावे घालता येतात. २४ चं गणित वेगळंच.

माझ्या फाइलचं माप दरवेळी किंचित चुकतं. का?

फाइल जुन्या इंकस्केपमध्ये बनली असण्याची शक्यता दाट आहे. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ आवृत्तीपर्यंत इंकस्केप एका इंचात ९० पिक्सेल धरत असे, तिथून पुढे ९६. त्यामुळे जुनी फाइल उघडताना इंकस्केप विचारतं तेव्हा न वाचता ‘ओके’ दाबू नका. व्ह्यूबॉक्स (चित्राची चौकट सांगणारे आकडे) ‘० ० २४ २४’ असा आहे आणि रुंदी-उंची २४ आहे, एवढं मजकूर संपादकात उघडून बघा. मिलिमीटर दिसले तर पिक्सेल करा.

एसव्हीजीमधल्या कोणत्या सोयी टाळाव्यात?

धूसर सावल्या, फिल्टर, मास्क, पॅटर्न आणि जिवंत मजकूर (आकारात न बदललेली, टाइप केलेली अक्षरं). ब्राउझरमध्ये सगळं दिसतं म्हणून हुरळून जाऊ नका. प्रत्येक ॲप्लिकेशनमागे एसव्हीजी वाचणारा वेगळा कोड असतो. लिबरऑफिसचा स्वतःचा आहे. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपकडची ॲप्लिकेशनं लिबआरएसव्हीजी वापरतात, आणि ते पुष्कळ काही वाचू शकतं. क्यूटी या खिडक्या-बटणं बनवण्याच्या साधनसंचाचा वाचक मुळात एसव्हीजी टायनी १.२ पुरता बांधलेला आहे. डब्ल्यूएक्सविजेट्स या तशाच दुसऱ्या संचात २०२२ सालच्या ३.१.६ आवृत्तीपासून एकाच बंडलमध्ये अनेक मापं ठेवण्याची सोय आली. तिच्यासोबतचा नॅनोएसव्हीजी हा छोटेखानी वाचक मजकूर वाचतच नाही. साधे पाथ (रेघांनी आखलेले आकार), साधे रंग, फार तर एखादा सरळ ग्रेडियंट एवढ्यावर काम भागवलं तर आयकॉन सगळीकडे सारखा दिसतो.

गडद थीमसाठी पुन्हा सगळं काढायचं का?

आकार तोच, रंग वेगळे. लिबरऑफिसमध्ये कोलिब्रेचं गडद रूप वेगळ्या फोल्डरमध्ये राहतं, म्हणजे फाइली दोन. कायकॅडनेही, डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीत, नवे आयकॉन उजळ आणि गडद अशा दोन संचांत दिले.

दुसरी पद्धत म्हणजे रंग चित्रात लिहायचाच नाही. ब्रीझच्या एसव्हीजीमध्ये रंगाच्या जागी ‘सध्याचा मजकुराचा रंग’ असं लिहिलेलं असतं आणि केडीई हा लिनक्स डेस्कटॉप तो रंग आयत्या वेळी भरतो. ग्नोम वापरतं त्या जीटीके साधनसंचात ज्या फाइलींच्या नावाला ‘सिंबॉलिक’ अशी शेपटी असते त्यांच्याबाबतीत असंच होतं. एकरंगी आयकॉनांना ही पद्धत फार सोयीची. कोलिब्रेसारख्या रंगीत थीमला ती लागू पडत नाही.

गडद रूप करताना नुसते रंग उलटे करू नका. पांढरा कागद काळा केला की तो कागद राहत नाही. कडेची रेघ उजळ करा, कागद गडद करड्या रंगाचा करा, आणि निळा, हिरवा, लाल हे अर्थ सांगणारे रंग थोडे फिकट घ्या.

ठळक, तिरपं, अधोरेखित या बटणांवर मराठी अक्षरं आणता येतील का?

येतील, आणि मला या सगळ्या कामातला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. लिबरऑफिसमध्ये भाषेनुसार आयकॉन ठेवायची सोय फार पूर्वीपासून आहे. ‘सीएमडी’च्या आत भाषेच्या संकेताचं फोल्डर करायचं, मराठीसाठी ‘एमआर’, आणि त्यात त्याच नावाचं चित्र ठेवायचं. मराठी इंटरफेस चालू असेल तर ते चित्र वापरलं जातं. फोल्डरमध्ये चित्र नसेल तर नेहमीचं. जर्मन वापरणाऱ्याला बी, आय, यू ऐवजी एफ, के, यू दिसतं ते याच सोयीमुळे.

बटणावर माउस नेल्यावर मराठी आवृत्तीत जो शब्द दिसतो त्याचं पहिलं अक्षर घ्यावं असं मला वाटतं. ठळकचा ‘ठ’ १६ ठिपक्यांत देखणा बसतो. वर-खाली दोन-दोन ठिपके मोकळे सोडले की उंची उरते १२. शिरोरेषेला दोन, खालच्या मानेला दोन आणि गोलाला आठ: गोलाची भिंत दोन ठिपके जाड आणि पोटात चारची पोकळी. जणू ‘ठ’ या मापासाठीच घडवलेला.

तिरप्याच्या ‘ति’शी मात्र झगडावं लागतं. वेलांटीचा दांडा, ‘त’चं वळण आणि ‘त’चा दांडा अशा तीन गोष्टी १२ ठिपक्यांच्या रुंदीत, शिवाय शिरोरेषेच्या वर वेलांटीच्या कमानीला तीन ठिपके. १६ मध्ये याची गचडी होते. तिथे नुसता तिरपा ‘त’ घ्यावा आणि २४ व ३२ मध्ये पूर्ण ‘ति’. तिरकेपणा चार ठिपक्यांना एक ठिपका एवढाच ठेवा, म्हणजे साधारण १४ अंश. मग दांड्याच्या पायऱ्या एकसारख्या पडतात. शिरोरेषा आडवीच राहील, ती तिरपी करायची नाही.

अधोरेखितचा ‘अ’ सोपा आहे. खालच्या रेघेत आणि अक्षरात एक ठिपका फट ठेवा, नाहीतर पाय रेघेत बुडतात.

आणि तिन्ही चित्रांत शिरोरेषा एकाच उंचीवर ठेवा. ही बटणं टूलबारवर शेजारी शेजारी असतात. रेषा एका ओळीत आली की डोळ्याला ती ओळीत लिहिलेल्या अक्षरांसारखी वाटतात, एक ठिपका वर-खाली झाली तर दात पडल्यासारखं दिसतं.

फॉन्टमधलं अक्षर तसंच वापरलं तर?

सुरुवात तिथून करा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, किंवा नोटो सान्स देवनागरी, हे दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत आणि फॉन्ट वापरून केलेल्या चित्राला फॉन्टचा परवाना लागू करण्याची अट त्यात नाही. अक्षर टाइप करा आणि ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ने त्याचा पाथ करून टाका. जिवंत मजकूर ठेवला तर ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही त्याला दुसरंच अक्षर किंवा रिकामा चौकोन दिसेल.

पाथ झाल्यावर शिरोरेषेचे बिंदू हाताने पूर्णांकावर आणून ठेवा. फॉन्टमधून आलेली शिरोरेषा ३.३७ ते ४.९ अशी कुठेतरी तरंगत असते, आणि धूसर शिरोरेषेइतकं देवनागरीला काहीच विद्रूप करत नाही.

‘ए ते झेड’ क्रमाच्या बटणावर ‘अ ते ज्ञ’ काढावं का?

३२ मध्ये चालेल. १६ मध्ये ‘ज्ञ’ वाचता येणार नाही. तिथे मी ‘अ’ आणि ‘ह’ घेते. ‘ह’ हे वर्णमालेतलं शेवटचं अक्षर नाही, त्याच्यापुढे ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आहेत, हे मला मान्य आहे. पण बाण खाली जाताना दिसला की अर्थ पोचतो.

दुसऱ्या प्रोग्रॅमचा आवडलेला आयकॉन पाहून काढला तर चालेल?

त्या आयकॉनचा परवाना काय आहे त्यावर अवलंबून. विकतच्या सॉफ्टवेअरचा आयकॉन ट्रेस करणं तर सोडाच, समोर ठेवून हुबेहूब काढणंही नको. प्रकल्प अडचणीत येतो. मुक्त संचांचेही परवाने वेगवेगळे असतात. टँगो आधी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय आणि समान-वाटप या अटींवर होता, २००९ मध्ये तो सार्वजनिक मालकीचा करण्यात आला. त्यामुळे टँगोवरून बेधडक काम करता येतं. जीपीएल किंवा एलजीपीएल या मुक्त परवान्यांखालच्या आयकॉनवरून काढलेलं चित्र त्याच परवान्याला बांधलेलं राहतं. कुठल्या चित्रावरून काय काढलं याची नोंद पहिल्यापासून ठेवा.

जुनं चित्र बदलून जास्त सुंदर करावं का?

रूपांतराच्या पॅचमध्ये (प्रकल्पाला पाठवायच्या बदलांच्या गठ्ठ्यात) नको. लोक आयकॉन वाचत नाहीत, त्याची जागा, रंगाचा डाग आणि बाह्याकार ओळखून हात नेतात. एप्रिल २०१८ मध्ये गिंप २.१० आला तेव्हा एकरंगी आयकॉन आपोआप दिसू लागले, आणि वर्षानुवर्षं रंगीत चित्रांवर हात बसलेल्या कित्येकांना टूल सापडेनात. रंगीत आणि जुना असे दोन्ही संच सेटिंगमध्ये ठेवले होते, हे त्या मंडळींनी फार चांगलं केलं. तुमचं व्हेक्टर १०० टक्क्यांवर जुन्या चित्राच्या शेजारी ठेवल्यावर ‘हा तोच’ असं वाटलं पाहिजे. नवी कल्पना असेल तर तिचा वेगळा प्रस्ताव द्या, ती चर्चेला येऊ द्या.

फ्लॉपी आता कोणी पाहिलेली नाही, तरी काढायची?

हो. ज्यांनी फ्लॉपी हातात धरली नाही त्यांनाही तो आकार ‘सेव्ह’ म्हणून पाठ आहे. एक गोष्ट मात्र विसरू नका: लिबरऑफिसमध्ये फाइलीत न साठवलेले बदल असले की सेव्हचा आयकॉन बदलतो, त्याचं चित्र वेगळं असतं. दोन्ही एकाच बैठकीत काढा, नाहीतर बटण दाबताक्षणी फ्लॉपी एक ठिपका उडी मारते.

एसव्हीजीमुळे प्रोग्रॅम मंद होतो का?

एसव्हीजी वाचून ठिपके बनवायला पीएनजीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि जुन्या कॉम्प्युटरवर शेकडो आयकॉन एकदम उघडताना तो जाणवू शकतो. म्हणूनच बहुतेक प्रकल्प पीएनजी पूर्ण काढून टाकत नाहीत. चित्र व्हेक्टरमध्ये जपायचं आणि ठरलेल्या मापांच्या पीएनजी त्यातूनच बनवायच्या. तुमच्या बाजूने बिंदू कमी ठेवा. स्काउर किंवा एसव्हीजीओ चालवून फाइल हलकी करा, आणि चालवल्यानंतर चित्र पुन्हा डोळ्यांनी तपासा, कारण दशांश जास्तच छाटले तर कोपरे हलतात.

तपासायचं कसं?

तुमच्या फाइली थीमच्या झिपमध्ये घालून प्रोग्रॅम उघडा. ऑप्शन्समध्ये आयकॉन थीमच्या यादीत एसव्हीजी असलेली रूपं वेगळ्या नावाने दिसतात, तेच निवडा. मग पडदा १००, १२५, १५०, २०० टक्क्यांवर नेऊन बघा, उजळ आणि गडद दोन्हीत. बटण निष्क्रिय असतानाचा फिका आयकॉनही बघा. रंगावरच सगळा अर्थ टाकला असेल तर तो तिथे हरवतो. शेवटी खुर्ची दोन हात मागे घ्या आणि चष्मा काढा. तरीही कापणं आणि चिकटवणं वेगळं ओळखता आलं पाहिजे.

काम पाठवायचं कुठे आणि एका वेळी किती?

लिबरऑफिसमध्ये पॅच गेरिट या पॅच तपासण्याच्या साइटवर जातात. त्याआधी तुमचं योगदान एमपीएल २ आणि एलजीपीएल ३ किंवा पुढच्या परवान्याखाली आहे, असं एक वाक्य डेव्हलपरांच्या मेलिंग लिस्टवर लिहून पाठवावं लागतं. गिट आणि गेरिटची भीती वाटत असेल तर बगझिलावर एसव्हीजी जोडून द्या, पॅच करून देणारं कोणीतरी भेटतं.

एका थीममधले आयकॉन हजारांच्या घरात आहेत, ते बघून छाती दडपते. टूलबारवरची एक ओळ घ्या: नवीन, उघडा, साठवा, छापा, कापा, नक्कल करा, चिकटवा. एवढे सात आयकॉन, तिन्ही मापांत, म्हणजे २१ चित्रं. सरावलेल्या हाताला एक साधा आयकॉन अर्ध्या तासात होतो, नव्या हाताला एक संध्याकाळ लागू शकते. एकमेकांशेजारी दिसणारे आयकॉन एकाच पॅचमध्ये द्या, म्हणजे तपासणाऱ्याला ते ओळीत ठेवून बघता येतात. आधी आणि नंतर असं १०० आणि २०० टक्क्यांचं चित्र सोबत जोडा. पॅच परत आला तर बहुधा एखादी कडा अर्ध्या ठिपक्यावर राहिलेली असते. ती ग्रिडवर आणा आणि त्याच बदलावर नवी आवृत्ती चढवा, नवा पॅच उघडू नका.